नोंदीत आहे, फळीवर नाही

कुलूपकाका चौतीस वर्षं एका औषध कारखान्यात स्टोअरकीपर होते. साधा स्क्रू हवा असला तरी चिठ्ठीवर सही लागे, आणि सही नसली तर मालकाच्या मेहुण्यालाही ते दारातून परत पाठवत. हे नाव त्यांना तिथेच पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत घरी आलं. असा हा खमक्या माणूस गेले सहा दिवस स्वतःच्याच घरातल्या कॉम्प्युटरसमोर हात टेकून बसला होता.

कारण काकू. अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. हॉस्पिटलातल्या बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काकांच्या हातात एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात एक प्रोग्रॅम होता. आपण टाइप करायचं, कॉम्प्युटर ते बोलून दाखवणार. "लवकर सुरू करा हं," बाईंनी बजावलं होतं. "लिहून लिहून माणूस कंटाळतो, आणि मग बोलायचंच सोडून देतो."

ते काकांना डोळ्यांदेखत दिसत होतं. सुरुवातीला काकू वहीत पानंच्या पानं लिहायच्या, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्यांसकट. मग वाक्यं आखूड झाली. मग नुसतं 'हो', 'नको', 'बघू'. कालपासून तर वहीला त्यांनी हातही लावला नव्हता. काका मनातून पार घाबरले होते.

आणि प्रोग्रॅम काही बसेना. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला यायची, काका श्वास रोखायचे, आणि नेमकी तेव्हा चौकट उगवायची: एक आवश्यक फाइल सापडत नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पेन ड्राइव्ह दुसऱ्या खाचेत घातला. मागची धूळ ब्रशने झाडली, तेवढं मात्र मनासारखं झालं. प्रत्येक वेळी आलेला एररचा नंबर त्यांनी तारीख-वार लिहून ठेवला. अकरा नोंदी झाल्या, अकराही सारख्याच.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी चौकटीतलं फाइलचं नाव इंटरनेटवर शोधलं. ती फाइल ज्या संचात येते तो संच मिळाला. मोठ्या आशेने त्यांनी तो बसवायला घेतला, तर कॉम्प्युटर म्हणतो कसा, हा संच आधीच बसवलेला आहे.

"आहे? मग मघाशी नाही कशाला म्हणालास?" काका पडद्यावर खेकसले. काकूंनी भाजी निवडता निवडता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

काकांचं डोकं गरगरायला लागलं. माल फळीवर असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं. नोंदीत आहे आणि फळीवर नाही, याला स्टोअरमध्ये एकच शब्द होता: चोरी. म्हणजे घरात व्हायरस शिरला! त्यांनी तातडीने पुतणीला फोन लावला. ती एका कंपनीत दिवसभर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटरच बघायची.

"चोर शिरलाय गं," काका म्हणाले.

तिने सगळं ऐकून घेतलं. "काका, तुम्ही काही डिलीट केलं होतं का?"

"छे! मी कशाला काही डिलीट करू?"

"नीट आठवा."

"अगं, नाही म्हटलं ना. फक्त दर महिन्याला भंगार काढतो, तेवढंच."

"कसलं भंगार?"

काकांनी जरा अभिमानानेच सांगितलं. तारखा बघायच्या. आठ-दहा वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही, तो माल बाद. कारखान्यात हाच नियम होता. "आणि परस्पर नाही हं काढत. कॉम्प्युटर विचारतो, खरंच काढू का? मी हो म्हणतो, मगच."

"आणि रीसायकल बिन?"

"तीही लगेच रिकामी. भंगार दारात कशाला ठेवायचं?"

पुतणी हसली नाही, हे तिचे उपकार. "काका, त्या फायली जुन्या असतात, पण त्यांच्या जिवावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात. तुम्ही फायली काढल्या, नोंद तशीच राहिली. म्हणून तो 'आहे' म्हणतोय."

काका खुर्चीत मागे टेकले. सकाळपासून ज्या चोराला ते शिव्या घालत होते, त्याच्या पायात त्यांच्याच चपला होत्या.

"आता तो संच 'आधीच बसवलेला आहे' म्हणतो ना, त्याच चौकटीत 'दुरुस्त करा' असं बटण असेल. ते दाबा."

बटण सहा दिवस नसलं तरी आज सकाळपासून नाकासमोर होतं. त्यांनी ते दाबलं, मग प्रोग्रॅम पुन्हा बसवायला घेतला. हिरवी पट्टी शेवटाला पोचली. चौकट आली नाही. काका तरीही तिची वाट बघत राहिले.

"अगं, ये गं इकडे!"

काकूंनी हात पुसले, खुर्चीत बसल्या आणि एका बोटाने अक्षरं शोधायला लागल्या. बराच वेळ गेला. मग खोलीत एका तरुण मुलीचा स्वच्छ, सपाट आवाज उमटला.

"अहो, कालपासून तोच शर्ट आहे अंगात. आधी अंघोळ करा."

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. मग त्यांना उमगलं. आवाज भलत्याच कुणाचा तरी होता. सहा दिवस आपण तिचाच आवाज बाहेर येईल असं धरून चाललो होतो, हे त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांना रडू फुटलं. पण बोलणं? ते दुसऱ्या कुणाचं असणं शक्यच नव्हतं.

"हो, हो, जातो," ते सवयीने म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"अजून बोल ना काहीतरी."

काकूंचं बोट पुढचं अक्षर शोधत होतं.