तांब्याच्या चोचीचं चिलट

उगवतीकडून धुळीचा पांढरट पडदा आला होता आणि जेरुसलेमवर सकाळपासूनच झळ साचून राहिली होती. वाऱ्याचं नाव नाही. एरवी या वेळेला शाबो तांबटाचा भाता सुरू होऊन दोन तास झालेले असायचे, आणि गल्लीतल्या बायका ‘आरवला कोंबडा’ म्हणत खिडक्या लावून घ्यायच्या. आज ज्यूंच्या अव महिन्याची नवमी. मंदिर पडलं तो दिवस. पोटात पाण्याचा थेंब नाही, पायात चामड्याची वहाण नाही आणि दुपार होईपर्यंत हातोड्याला हात नाही. शाबो थंड भट्टीपुढं उकिडवा बसला होता आणि त्याच्या डोक्यात चिलट गुणगुणत होतं.

तीन वर्षं झाली त्याला. आधी उजव्या कानात, मग सगळ्या डोक्यात. त्यातच बायको गेली, घर मुकं झालं, तसं ते जास्तच ऐकू यायला लागलं. हातोडा हाणला की दबायचं. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी तो नको तेवढा राबायचा. भांडं नसलं तर नुसता पत्रा बडवत बसायचा. पण गेल्या महिन्यापासून ते हातोड्यालाही जुमानेना. सांगणार कुणाला? झाखो गावाहून सोबत आलेल्या आपल्या माणसांना तर मुळीच नाही. डोक्यात चिलट कुणाच्या शिरतं, हे त्यांना दर नवमीला त्यानंच तर सांगितलं होतं. आधी तिकडं झाखोत, मग इथं.

प्रार्थनाघरात विलापगीतं संपली. माणसं जमिनीवर बसली होती. कारभारी झकाय म्हणाला, “चल शाबो, आण तुझ्या गोष्टीतल्या राजाला.”

“तर तो तीतूस,” शाबोनं सुरुवात केली. “रोमचा. आला, मंदिरात घुसला, तलवारीनं पडदा फाडला. पडद्यातनं रक्त आलं. ह्या बैलाला वाटलं, आपण देवालाच मारलं! त्याच पडद्याचं गाठोडं केलं, आपली भांडी त्यात कोंबली आन् निघाला गलबतानं.”

“तांब्याची होती का भांडी?” कोणीतरी दरवर्षीचा प्रश्न टाकला.

“सोन्याची. तांब्याची असती तर कल्हईला माझ्याकडंच आली असती.”

आज हसायचं नसतं. माणसांनी दाढ्यांत तोंडं लपवली.

“समुद्र खवळला. तर हा नाक वर करून म्हणतो, ‘ह्यांच्या देवाचा जोर पाण्यातच. हिंमत असंल तर जमिनीवर ये.’ देव म्हणाला, बरं. उतर खाली. माझ्याकडं एक चिलट आहे. उतरला तसं ते शिरलं नाकातनं. सात वर्षं डोकं कोरत होतं. एक दिवस लोहाराच्या दारावरनं जाताना...” शाबोनं जमिनीवर तळवा आपटला. ठण्, ठण्, ठण्. “चिलट गप्प! मग काय, रोज एक लोहार आणून समोर बसवला. तीस दिवस आराम. मग...”

तळवा वरच राहिला. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. तेच तोंडातून बाहेर पडेना.

“विसरला बिचारा,” कोणीतरी कुजबुजलं. “वय झालं.”

“मग चिलटाला हातोड्याची सवय झाली,” दाराजवळून आवाज आला. “तो मेला तेव्हा डोकं फोडलं. आत चिमणीएवढं चिलट. चोच तांब्याची, नखं लोखंडाची.”

नाहूम. शाबोचा धाकटा भाऊ, नवमीसाठी जेरुसलेमला आलेला. अकरा वर्षांत तोंड पाहिलं नव्हतं. दोघांची भट्टी एक होती. एकदा गिऱ्हाइकांसमोर शाबो बोलून गेला, ‘माझा हात नसता तर ह्याला पळीसुद्धा वळता आली नसती.’ नाहूमनं आपला हातोडा उचलला आणि तिबेरियाला निघून गेला. शाबो त्याला आणायला गेला नाही. धाकट्यानं यावं, थोरला जात नसतो.

दुपारी नाहूम भट्टीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. नवमीला कोणी कोणाला सलाम करत नाही, त्यामुळं कोण आधी बोललं हा हिशेब नव्हता.

“विसरला नव्हतास तू,” नाहूम म्हणाला.

“नव्हतो.”

“मग?”

शाबोनं डोक्यावर बोट ठेवलं. “ते माझ्यात शिरलंय. तीन वर्षं झाली. आता हातोड्यालाही ऐकत नाही.”

नाहूम नवमी असूनही फस्सकन हसला. “तीतूस व्हायला निघालास? गलबत कुठंय तुझं? अरे दादा, माझ्या दोन्ही कानांत आहे. सहा वर्षं. तांबटाचे कान ते. बाबांच्याही होतं. ते बडवताना कानात लोकर उगाच कोंबायचे?”

“थंडीसाठी कोंबायचे.”

“ऐन उन्हाळ्यात?”

“मला कोणी सांगितलं नाही,” शाबो म्हणाला.

“तू कोणाला विचारलंस? कधी कोणाला काही विचारलंस का तू?”

कोपऱ्यात भिंतीला नाहूमनं वळलेली एक जुनी पळी टांगलेली होती. अकरा वर्षांत शाबोनं ती विकली नव्हती. तिच्याकडं बघतच तो म्हणाला, “अशी पळी मला कधी वळता आली नाही.”

नाहूमनं तिकडं पाहिलं नाही. कल्हई पुसायच्या कापसातून त्यानं चिमूटभर कापूस घेतला, दोन बोळे वळले आणि भावाच्या तळहातावर ठेवले. “चारची गाडी आहे.”

“रात्री उपास सोडून मग जा.”

“घरी वाट बघतील.” दारात क्षणभर थांबून तो म्हणाला, “पुढच्या नवमीला सगळी गोष्ट तूच सांग.”

तो गल्लीच्या वळणाआड गेला. शाबोच्या डोक्यातलं गुणगुणणं तसंच होतं, तांबटाच्या कानातलं, बापाच्या कानातलं. बाप त्याबद्दल आईशी तरी बोलला असेल. शाबोनं बोळे अंगरख्याच्या खिशात टाकले.

गल्लीत झाडू सुरू झाले होते. याच दुपारी तारणारा जन्माला येतो म्हणून बायका घरं लख्ख करत होत्या. समोरच्या दारातनं शेजारीण खातून ओरडली, “शाबोभाऊ, झाडलंस का? तो आला तर तुझ्या राखेत बसवशील होय?”

“झाडतो, झाडतो,” म्हणत शाबोनं कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि भट्टीपुढचा तांब्याचा कीस एका जागी ओढू लागला.