दादाला वाचून दाखवलेला सातवा भाग

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना सांगितलं नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा — हसाल तुम्ही — एवढं एक बाजूला सारून बाकीचं बोलत आले. मग तुम्हालाच का? कोण जाणे. तुम्ही आमच्या गावचे नाही, दादाला कधी पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

दादा माझा थोरला भाऊ. फौजेत होता. पासष्टच्या लढाईत त्याचे दोन्ही डोळे गेले आणि कानशिलापाशी लोखंडाचा एक बारीक तुकडा आतच राहिला. इस्पितळातून तो आमच्या गावी, वडूजजवळ, परत आला तेव्हा तिशीसुद्धा उलटली नव्हती. आई, अण्णा म्हणजे आमचे वडील, आणि दादाची बायको, वैनी, दिवसभर रानात असत. घरात दोघंच — तो, आणि अकरावी होऊन लग्नाची वाट बघत बसलेली मी.

शाळेतल्या गुरुजींच्या कपाटात ‘सात वेशींची नगरी’ या गोष्टीचे सात भाग होते. जादूचं नगर, त्याला सात वेशी, दर वेशीवर नवं संकट. राजपुत्र आत शिरतो आणि त्याच्याबरोबर असतो भैरू नावाचा एक म्हातारा पहारेकरी. गुरुजी म्हणाले, वाचून दाखव त्याला, तेवढाच जीव रमेल. मी वाचायला लागले. दादाला राजपुत्राचं काही नव्हतं, त्याचा सगळा जीव भैरूवर. पहारा कसा देतात, रात्री भूक कशी मारतात, हे वाचताना तो मधेच म्हणायचा, “बरोबर लिवलंय.” आणि ध्यानात किती राहायचं त्याच्या! तिसऱ्या वेशीवरच्या बारा राक्षसांची नावं तो ओळीनं म्हणायचा. मी एखादं चुकले तर दुरुस्त करायचा.

सहा भाग मी नीट वाचले. हे मी माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही — नुसतं झालं तसं सांगतेय.

सातवा भाग जाडजूड होता. आणि त्याच सुमाराला वडूजला शिवणाचा वर्ग निघाला. माझ्या दोन मैत्रिणी जायला लागल्या. मलाही जायचं होतं. आई म्हणाली, दादाचं पुस्तक संपू दे, मग जा. झालं. रोज ते पुस्तक हातात घेतलं की मला चीड यायची. कुणाची? दादाची? पुस्तकाची? चाळीसेक पानं वाचली असतील. मग एका दुपारी मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं आणि मनानंच सांगत सुटले. मधून मधून पान उलटायची — आवाज यायला हवा ना. दोन दुपारांत सातवी वेस उघडली, राजपुत्राला राज्य मिळालं, आणि भैरू आपल्या गावी परत आला. उंबऱ्यावर बसला, बायकोनं पाणी दिलं, संपलं.

खऱ्या पुस्तकात काय होतं ते मला माहीतही नव्हतं. दादाला बरं वाटावं म्हणून मी शेवट बदलला, असं म्हणता आलं असतं. पुढं कितीदा मनात तसं म्हणूनही पाहिलं. पण ते खरं नाही. मला वर्गाला जायचं होतं.

दादा मात्र म्हणाला, “घरी आला, हे लय ब्येस झालं.”

दुसऱ्या आठवड्यापासून मी शिवण शिकायला लागले.

वर्षभरानं रेडिओवर याच पुस्तकांची श्रुतिका सुरू झाली. दर गुरुवारी संध्याकाळी. ग्रामपंचायतीसमोर खांबाला कर्णा होता, त्याखाली सगळं गाव जमायचं. बायका देवळाच्या पायऱ्यांवर, पुरुष खाली पारावर. राक्षस बोलला की पोरं आयांच्या पदरात शिरायची. कुणी म्हणायचं राजपुत्राचा आवाज बायकी आहे, कुणी म्हणायचं घोड्याच्या टापा म्हणजे नुसत्या करवंट्या वाजवतात. पण गुरुवार कुणी चुकवत नव्हतं. आणि कार्यक्रम संपला की सगळे दादाभोवती — पुढं काय होतं? पुस्तकात असंच आहे का? दादा सांगायचा, हे गाळलं, ते वाढवलं, पाचव्या वेशीवरचं मात्र जसंच्या तसं आहे. पुढचं तो सांगायचा नाही. “आयका की गुरुवारी,” म्हणून हसायचा. डोळे गेल्यापासून गावात त्याला कुणी काही विचारलं असेल तर ते तेव्हाच.

मी पायऱ्यांवर बसून ते बघायची. आणि दर गुरुवारी सातवा भाग जवळ येत होता. तेव्हा सांगता आलं असतं ना? घरातल्या घरात, कुणाला न कळता? आलं असतं. आम्ही दोघंच तर होतो घरात.

शेवटच्या गुरुवारी रेडिओवरचा भैरू मेला. सातवी वेस आतून कुणीतरी धरून ठेवायची असते, तो धरतो, बाकीचे बाहेर पडतात. बायकांनी डोळे पुसले. आणि दादा उठून उभा राहिला. म्हणाला, हे साफ खोटं आहे. पुस्तकात भैरू घरी येतो. लोकांना त्याचं पटलं — का नाही पटणार, त्याचं आतापर्यंत सगळं बरोबर निघालेलं. रेडिओवाल्यांनी वाट लावली, असं म्हणत सगळे घरी गेले.

सकाळी त्यानं मला पत्र लिहायला बसवलं. एका शिपायाला असं फुकट मारू नये, असं त्यात होतं. मी लिहिलं. त्याच्या वाक्यांतल्या चुकासुद्धा सुधारल्या. पत्र त्यानं स्वतः पोस्टमनच्या हातात दिलं.

श्रोत्यांची पत्रं रेडिओवर वाचायचे, त्यात ते वाचलं गेलं. दादाचं नाव, आमच्या गावाचं नाव, सगळं. निवेदिकेनं गोड आवाजात सांगितलं की मूळ पुस्तकात शेवट असाच आहे, आपल्या माजी सैनिक श्रोत्यांचा काहीतरी गोंधळ झालेला दिसतो. कर्ण्याखाली कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पुस्तक घेऊन घरी आले. माणूस भला, वाईट हेतू नव्हता. शेवटची दोन पानं त्यांनी सोप्यात बसून मोठ्यानं वाचली. दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बायला विचारा, तिनंच मला वाचून दाखवलंय. बाय म्हणजे मी. मी चहा घेऊन दारात उभी होते.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. दादानं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

आता सांगते.

मी म्हणाले, “गुरुजी वाचतात तसंच हाय, दादा. मी त्येच वाचलं हुतं. तुज्या ध्यानात दुसरं काय तरी ऱ्हायलं.”

कशाची भीती होती मला? गुरुजी मारणार नव्हते. दादा तर मुळीच रागावला नसता, हसला असता. गावात मी वाचणारी पोरगी म्हणून नाव होतं — एवढंच जाणार होतं. तेवढ्यासाठी.

गुरुजी गेल्यावर त्यानं पुन्हा एकदा विचारलं. अगदी हळू. उंबऱ्यावर बसतो, बायको पाणी देते, हे तू वाचलं नाहीस? तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हणाले, न्हाई.

त्यानं कानशिलावरच्या वणावर हात ठेवला. म्हणाला, “मग त्यो तुकडा आत सरकला असंल.”

खोटं त्याला कळलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला.

त्या वर्षी त्याला टेलिफोनच्या कामाचं शिक्षण मिळणार होतं. आंधळ्या सैनिकांना तसं काम द्यायचे. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात जागाही ठरत आली होती. सगळं काम नंबर ध्यानात ठेवायचं — दादासाठीच केल्यासारखं. तो गेला नाही. ज्याच्या ध्यानाचा भरवसा नाही त्यानं असली जबाबदारी घेऊ नये, असं त्यानं अण्णांना सांगितलं. अण्णांनी खूप समजावलं. वैनी रडली. मी शेजारच्या खोलीत माझ्या लग्नातली झंपरं शिवत होते. सगळं ऐकू येत होतं.

मला दिलं ते त्याच सांगलीकडं. कारखान्याचा भोंगा आमच्या घरात रोज ऐकू यायचा. दादा गावीच राहिला, वाकळा आणि पोती शिवत, दोर वळत. भाऊबंदांत बांधावरून वाद झाला तेव्हा बांध कुठून होता ते त्याला पक्कं माहीत होतं. बोलला नाही. दिवाळीला मी लेकींना घेऊन जायची. त्या मामाला गोष्ट सांगायला लावायच्या. सातही वेशी तो सांगायचा, भैरू मेला असं सांगायचा, आणि मग म्हणायचा — मला जरा येगळं आठवतंय, पण माझं काय धरू नका. पोरी हसायच्या. मी ताटं वाढत असायची.

अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या. दर खेपेला दोन-चार दिवस आम्ही एका घरात असायचो.

मग दादा गेला. दहाव्याला भेटायला आलेल्या लोकांना वैनी सांगत होती की माणूस देवासारखा होता, पण लढाईत डोक्याला मार बसला, तेव्हापासून काही ध्यानात राहायचं नाही बिचाऱ्याच्या. बसलेल्या बायकांनी माना हलवल्या.

मी वैनीच्या शेजारीच बसले होते. मीही हलवली.