चेहरा नको, नुसते हात

“हात पुढं कर.”

नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याच्या मागं पांढऱ्या कोटातली शिकाऊ पोरंपोरी. मी हात पुढं केले. कोपरापासून बोटांपर्यंत लाल चट्टे, वर पांढरा कोंडा.

“फोटो घ्या. चेहरा नको, नुसते हात.”

आता गंमत बघा. आमच्या माकणी गावाहून दवाखान्याला निघताना मी तोंडाला पावडर लावली होती. लेकीची चांगली साडी नेसले होते. म्हटलं, एवढा मोठा डॉक्टर आपल्या रोगाचा अभ्यास करतोय, नव्या मलमाला आपली कातडी निवडलीय, जरा नीट दिसावं. फोटो निघाला कोपराचा.

मग तो पोरांना इंग्रजीत सांगायला लागला. माझा हात धरून, उलटापालटा करत, बाजारात वांगं बघावं तसा. मी मान डोलवत उभी. जशी काय माझ्याच सोयरिकीची बोलणी चाललीत.

त्याचं संपल्यावर विचारलं, “साहेब, ह्ये दुसऱ्याला लागतं का?”

“तुला काय करायचंय? मलम लाव. पुढच्या महिन्यात ये.”

एक पोरगी फिसकन हसली. मीही हसले. हसणाऱ्यांत सामील झालं की हसू आपल्यावरच आहे हे जरा कमी दिसतं.

पण त्याच प्रश्नापाशी माझं सगळं घर अडलं होतं.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवतं. आंबिलाचं पीठ ताकात कालवायचं काम माझं. सासूबाई गेल्यापासून त्यात दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. गेल्या येळवशीला धाकट्या जावेनं आंबिलाची बिंदगी, ते ताकाचं मडकं, माझ्या पुढ्यातून उचलली.

“आक्का, तुमी नका हात घालू. पोरंबाळं पितेत.”

त्या दिवशी मी बांधावर वेगळ्या ताटात जेवले. ते ताट घरी आलं, तरी वेगळंच राहिलं. आता लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. बाळाला न्हाऊ कोण घालणार, याचं बोलणं मी चुलीपाशी आले की थांबायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टर तोच, पोरं नवी.

“हात पुढं कर.”

मी हात पदराखाली घेतले. लई धीराची बाई होते असं काही नाही. भिंतीला टेकले होते म्हणून उभी होते.

“न्हाय करत.”

“काय?”

“आदी सांगा, ह्ये दुसऱ्याला लागतं का न्हाय. मराठीत सांगा.”

डॉक्टर चष्मा पुसायला लागला.

“अहो मावशी, नाही लागत. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं.”

अहो मावशी! हात पदराखाली गेले आणि मी एकदम ‘अहो’ झाले.

“सगळ्यास्नी म्हंजी कुणाला?”

मागच्या पोरांना माहीत होतं. गेल्या खेपेला फिसकन हसली तिला माहीत होतं. माझाच हात धरून, माझ्याच कानाशी गेल्या महिन्यात हे इंग्रजीत सांगून झालं होतं. जिचं ताट वेगळं, तिला तेवढं सोडून.

“आता तरी हात दाखवा.”

“आज न्हाय.”

घरी आले, सगळ्यांना बसवून सांगितलं. जाऊ म्हणाली, “डाक्टर म्हणत असतील, पर लोकं काय म्हणतील?” वेगळं ताट फळीवर होतं तिथंच राहिलं. चट्टेही आहेत. मलमानं फिके पडले होते, थंडी आली तसे पुन्हा लाल झाले.

परवा येळवस. लेक आलीय, दिवस भरत आलेत. आंबिलाचं पीठ मी कालवणार. अंगणात बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ह्याच हातांनी. ज्याला प्यायची नाही त्यानं विहिरीचं पाणी प्यावं. आणि बाळाचं पहिलं न्हाऊ माझं. बिंदगी उचलली तशी कुणी बाळ उचलायला आलं, तर हे हात आता पदराखाली जाणार नाहीत.