सुपरहिरोची मांडी

कळंबहून सासूबाई मोहोपाड्याला आमच्या क्वार्टरवर आल्या, तेव्हा मी माझ्या संग्रहासाठी मागवलेला सुपरहिरोचा नवा बाहुला भिंगाखाली तपासत होतो. डोळ्यांचा रंग पापणीबाहेर गेला नव्हता, सांधे ढिले नव्हते, अंगावर कुठे जोडाची रेघ दिसत नव्हती. माल अव्वल होता.

“जावईबापू, ह्यानं चड्डी वरनं का घातलीय?” सासूबाईंनी विचारलं.

मी भिंग त्याच्या बुटांवर नेलं.

“बरं, मांडी तरी घालतो काय?”

खोक्यावर सगळे सांधे वळतात असं छापलं होतं. मी ऐटीत त्याचा गुडघा दुमडला. कटकन आवाज झाला आणि अख्खी तंगडी माझ्या हातात आली. बायको पोट धरून हसायला लागली.

प्लास्टिक गरम केलं की सांधा पुन्हा बसतो, हे मला ठाऊक होतं. समोरच्या वाफाळत्या चहात मी तंगडी बुडवली आणि दाबून बसवली. आता हिरोने निमूट मांडी घातली. चहा सासूबाईंचा होता, हे मला नंतर कळलं.

त्यांनी कप लेकीकडे सरकवला. “दुसरा आण गं. आन् पुढच्या पूजेला ह्यालाच बसव, जावयांचे गुडघे दुखतात.”