वैनीच्या तारखा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर माझ्या वैनीचे. निपाणीजवळच्या आमच्या घरी ती लग्न होऊन आली तेव्हा मी सातवीत होते, आणि तिची शाळा सातवीतच सुटली होती. मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळायची आणि मला म्हणायची, "वन्सं, तुम्ही पुस्तक सोडायचं न्हाय. तंबाखूचा वास मला एकटीला बास." तिच्या विड्यांवर मी घरातली पहिली पदवीधर झाले. हे मी कुठंही सांगते. तिचा मला किती हेवा वाटायचा, ते मात्र कधी सांगितलं नाही.

आमच्याकडं अजून चार दिवस बाजूला बसतात. वैनी मागच्या दाराशी घोंगड्यावर बसायची, सूपही तिथंच. "देवाला चालत न्हाय, विडीला चालतंय बघा," म्हणून हसायची. दर महिन्याला कॅलेंडरवर पेनानं बारीक फुली मारायची. माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस, वजन वाढतंच चाललेलं. वैनीची वेणी मात्र मनगटाएवढी जाड. ती न्हाऊन केस वाळवत बसली की मी उठून आत जायची.

बेळगावच्या डॉक्टरकडं मला तिनंच नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पीसीओडी आहे, घाबरू नका. रोज चाला, गोड कमी करा, ही गोळी घ्या, पाळीच्या तारखा लिहून ठेवा. तीन महिन्यांत आली नाही तर पाळी आणायच्या गोळ्या सुरू करू. परत येताना बसमध्ये वैनी म्हणाली, "लेकराबाळाचं मागनं बघू. आधी तुम्ही बऱ्या व्हा." तिला असं सहज म्हणता येत होतं. तिची दोन घरी खेळत होती.

गौरीच्या आदल्या दिवशी वैनी घोंगड्यावर बसली आणि करंज्यांचं सगळं काम माझ्यावर आलं. आई शेजारणीला म्हणाली, "ही हाय की. हिला कधी अडचणच न्हाय."

"नशीबवान हाय बाई," शेजारीण म्हणाली.

मी लाटणं खाली ठेवलं. "मला बी आलीया."

"आत्ताच यायची व्हती व्हय गं?" आई करवादली. वैनीनं सरकून मला अर्धं घोंगडं दिलं. तिचे डोळे भरले होते. "वन्सं, लागू पडलं की औषध!" तिनं आपल्या फुलीशेजारी माझी फुली मारायला लावली. ते चार दिवस आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. दुरून सरकवलेलं ताट मला सणाच्या जेवणापेक्षा गोड लागलं.

पुढच्या महिन्यात ती बसली, मीही बसले. तिसऱ्या महिन्यातही. "माझ्या मागंमागंच येती की तुमची," वैनी चेष्टा करायची.

मग आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तारखा विचारल्या. मी तोंड उघडायच्या आत वैनीनं पिशवीतून कॅलेंडरची घडी घातलेली पानं काढली. "छान, नियमित झाली की," डॉक्टर म्हणाल्या, "आता दुसऱ्या गोळ्यांची गरज नाही." मी ती पानं पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली. स्टँडजवळ वैनीनं खव्याचा गोड कुंदा घेतला. "एकच घास हं, वन्सं." तो घास मी खाल्ला.

पुढं मला बेळगावात नोकरी लागली, हिंडलग्याला खोली घेतली. पाच महिने गेले, पाळी नाही. घरातला फोन भावाकडं असतो आणि सगळे कान लावून ऐकतात. म्हणून तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं:

वैनी,

हे एकटीनंच वाच. माझ्या त्या तीन फुल्या खोट्या आहेत. मला पाळी आली नव्हती, अजूनही आलेली नाही. तुझं जे आहे ते मला मिळेना, म्हणून मी तुझ्याच तारखा घेतल्या. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी तुझ्या वेणीवरसुद्धा जळले. आजही जळते. तू रागावलीस तरी चालेल.

सोमवारी डॉक्टरकडं नंबर लावलाय. या वेळी खरं सांगणार आहे. एकटीनं जायची भीती वाटते. सकाळच्या गाडीनं येशील का? मी स्टँडवर उभी असेन. कॅलेंडर आणू नकोस.

तुझी नणंद