पुस्तकात नसलेली याडी

दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावर मी दुसरीचा वर्ग शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला अजून स्वतःची शिसारी येते.

तांड्यावर घराघरात गोरबोली बोलतात. गोरबोलीत आईला याडी म्हणतात. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं अशी सबब मी देऊ शकत नाही.

पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब मुलांचं वाचन तपासायला येणार होते. प्रत्येक मुलाला शब्दाचं कार्ड दाखवायचं आणि त्याला वाचता येतं की नाही, ते मोबाईलवर भरायचं. त्या भरण्याचा मला वीट आला होता. एक मुलगी पुढे आली. मी ‘आई’ असं लिहिलेलं कार्ड धरलं. तिनं एकेका अक्षराखाली बोट फिरवलं, ओठ हलवले आणि आनंदानं म्हणाली, “याडी!”

पोरीनं शब्द वाचला होता, त्याचा अर्थही लावला होता. शिक्षकाला याहून जास्त काय हवं असतं? मी म्हणालो, “तुझी याडी पुस्तकात राहाते काय गं?”

वर्ग खदखदून हसला. हसणारं प्रत्येक पोरगं घरी याडीच म्हणायचं. आणि मी, ज्याच्या ‘मले-तुले’वर यवतमाळच्या कॉलेजात पोरं हसायची, तोही त्यांच्यासोबत हसलो. मग मोबाईलवर भरलं : शब्द वाचता येत नाही.

साहेब येतात त्या दिवशी कच्च्या पोरांना घरीच ठेवायचं, ही आम्हा शिक्षकांतली जुनी रीत. ते यायच्या आदल्या दिवशी मीही तिला सांगितलं, “उद्या येऊ नको.” तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाठ करून घेतलेल्या पोरांनी धडाधड वाचलं. साहेब खूष झाले, सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. समोसे आले. मी दोन खाल्ले.

चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. वेचणीला निघाली होती, कमरेला कापसाचं फडकं बांधलेलं. दारातूनच म्हणाली, “सर, पोरगी मले आई म्हणून राह्यली.”

“मग चांगलंच आहे ना, बाई.”

“कायचं चांगलं? आई तुमच्या घरी. माह्या घरी मी याडी हाओ. मी म्हनलं, काहून वं? तं म्हणते, याडी म्हनलं का सर हासतात, शाळेत येऊ नको म्हणतात.”

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, “शाळेत प्रमाण भाषा शिकवावी लागते.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शिकवा ना. आमची कायले हिसकता?” एवढं बोलून ती वावराकडे गेली. माझं ते वाक्य तोंडात सडक्या शेंगदाण्यासारखं राहिलं. दिवसभर पाणी पीत होतो.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बाजेवर बसवलं, चहा दिला. मी त्या बाईला म्हणालो, “चुकलं माझं.” पोरीलाही जवळ बोलावून सांगितलं, “तू बरोबर वाचलं होतंस. मीच चुकीचं लिहिलं. घरी याडीच म्हण, शाळेतही म्हण.” तिनं मान हलवली. येऊ नको म्हटल्यावर हलवली होती, अगदी तशीच.

तिची आई भांडी घासायला आत गेली होती; तेवढ्यात तिनं आतून हाक मारली. पोरीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग शब्द नीट उच्चारून म्हणाली, “आले, आई.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

चहा अर्धा राहिला होता. तो तसाच ठेवून मी उठलो. मी समोर बसलेलो असेपर्यंत ती दुसरं काही म्हणणार नव्हती.