अहवालात न आलेलं पाणी

ये, अशी जवळ सरक. मावशीकडे यायचं म्हटलं की तुझ्या कंपनीला नेमकी तेव्हाच मीटिंग सुचते, नाही का? आणि मीटिंग कसली, तर गावासाठी काय काय केलं त्याचा अहवाल लिहायची! मग माझंही ऐकून ठेव.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची गोष्ट. तुझे काका साखर कारखान्यात क्लार्क होते. वार्षिक अहवालात ‘सामाजिक कार्य’ म्हणून एक पान असायचं. मी शाळेची पायरी चढले नाही, पण भावांच्या पाट्या बघून गिरवलेलं माझं अक्षर ह्यांच्यापेक्षा वळणदार. म्हणून छापखान्याला द्यायची प्रत मीच उतरवायची. त्या वर्षी साहेबांना वाटलं, लोकांनाही विचारावं. हे म्हणाले, “बायकांना तूच विचार.”

मी गेले ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर. शेवगावकडची एक बाई पाचटावर बसून भाकरी खात होती. म्हणाली, “लिवा बाई, वढ्यात कारखान्याची घान येती. त्येच पानी पितो आमी. लेकरं जुलाबानं हैरान हायेत. एक नळ द्या म्हनावं. आन् शाई पातळ नका लावू, सायबाला दिसली पायजे!”

लिहिलं मी. घरी ह्यांनी वाचलं. “अगं, हे सभासदांपुढं वाचायचंय. ऊस घालणारे सभासद, तोडणारे नव्हेत. एवढं सोड.”

सोडलं. खरं सांगू? पान सुरेख दिसावं, एवढीच मला हौस. शाळेला दिलेल्या बाकांची ओळ तिथं छान बसली.

पुढच्या हंगामात ती थेट दारात. “आमचं पानी छापलं का? दावा की, कुठं हाय?”

मला तोंडावर नाही म्हणवेना. तिला कुठं वाचता येत होतं! छापील अहवाल काढून बाकांच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे बघ.” तिनं ती ओळ हळूच चाचपली, बोट कपाळाला लावलं.

टोळीतल्या बायका नळ मागायला साहेबांकडं निघाल्या होत्या, तर तिनंच अडवल्या. “छापलंय, थांबा जरा.” थांबल्या बिचाऱ्या. नळ कुठला यायला? शिमग्याआधी तिची धाकटी जुलाबानं गेली. मी कोपीवर गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? हंगाम संपला, टोळी गेली, ती परत कधी दिसली नाही.

हे मी ह्यांनाही बोलले नव्हते, बाई. आज तुझ्यापाशी अर्धं ओझं उतरलं. लवकर ये गं परत. एकटीला फार जड जातं.